एलईडीखाली शेवाळ वाढवायचंय? टाक्या घेण्याआधी युनिटचा हिशोब असा मांडा

वीज स्वस्त मिळतेय किंवा दुपारची सोलरची जादा वीज वाया जातेय, मग एलईडी लावून शेवाळ वाढवूया, हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो आणि तो काही येडपट विचार नाहीये. सुपीक जमीन लागत नाही, ऊन-पावसाची कटकट नाही, बारा महिने सारखा माल निघतो. अडचण एवढीच की यात पैसा नेमका कुठे मुरतो हे कागदावर न मांडता लोक थेट टाक्या आणि लाइट विकत घेतात, आणि मग वीज जवळपास फुकट असूनही माल परवडत नाही. खालचा हिशोब मी पैशात न करता युनिटमध्ये केलाय (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). दर जागोजागी वेगळा असतो आणि बदलत राहतो, पण एक किलो सुक्या शेवाळाला किती युनिट लागणार हे निसर्गाने बऱ्यापैकी ठरवून टाकलंय. तुमचा दर शेवटी गुणून घ्या.

स्टेप १: एका किलोला किती युनिट

सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच, त्यामुळे इथे जरा वेळ काढू. झाडं आणि शेवाळ लक्स (आपल्या डोळ्याला जाणवणारा उजेड) मोजत नाहीत, फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण मोजतात, आणि फोटॉन एवढे असतात की ते मोल नावाच्या प्रचंड मोठ्या गठ्ठ्यातच मोजावे लागतात (मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग). चांगला ग्रो लाइट एका ज्यूलमागे साधारण २.५ ते ३.५ मायक्रोमोल फोटॉन देतो, आपण ३ धरू. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात, म्हणजे एका युनिटमागे १०.८ मोल फोटॉन मिळाले. हा झाला पहिला आकडा आणि तो लाइटच्या डेटाशीटवरून तुम्हाला लगेच काढता येतो. डेटाशीटवर फक्त वॉट आणि लुमेन लिहिले असतील तर तो लाइट घेऊच नका, फोटॉनचा आकडा जो देत नाही त्याला बहुतेक वेळा तो लपवायचा असतो.

दुसरा आकडा म्हणजे एक मोल फोटॉन दिल्यावर किती ग्रॅम सुकं शेवाळ तयार होतं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडायला थिअरीत किमान ८ फोटॉन लागतात, प्रत्यक्षात १० किंवा जास्तच. सुक्या शेवाळात निम्मं वजन कार्बनचं असतं, त्यावरून १० फोटॉन धरून गणित केलं तर मोलमागे जास्तीत जास्त २.४ ग्रॅमच्या आसपास येतं. पण ही झाली कमाल मर्यादा. नीट चालणाऱ्या सिस्टिममध्ये ०.५ ते १ ग्रॅम मिळतो, फार काळजीपूर्वक, कमी प्रकाशात आणि पातळ पॅनलमध्ये (म्हणजे चपट्या पारदर्शक टाकीत) केलं तर १.५ च्या जवळ जाता येतं.

आता भागाकार करा. मोलमागे अर्धा ग्रॅम निघाला तर किलोला १८५ युनिट, एक ग्रॅम निघाला तर ९३, दीड ग्रॅम निघाला तर ६२. हा नुसत्या लाइटचा खर्च आहे, पंप-बिंप अजून आलेच नाहीत. आणि उद्या कुणी जादूचा एलईडी आणला जो विजेचं शंभर टक्के लाल प्रकाशात रूपांतर करतो, तरी १० फोटॉनच्या हिशोबाने किलोला २१ युनिटच्या खाली जाता येत नाही. म्हणजे एलईडी सुधारतील आणि मग परवडेल अशी आशा ठेवायला थोडी जागा आहे पण अमर्याद नाही, आजचे चांगले लाइट त्या जादूच्या एलईडीच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडे पुढे आलेत, बाकीची बरीचशी गळती शेवाळाच्या पेशीत आहे.

आता हे ९३ युनिट घालून हातात काय आलं? एक किलो सुकं शेवाळ जाळलं तर त्यातून साधारण ६ युनिटएवढी उष्णता निघते. ९३ टाकले, ६ मिळाले. नेदरलँड्सच्या वागेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हाच हिशोब मांडला होता, त्यांचंही उत्तर जवळपास तेच आलं, दिलेल्या विजेतली ४ ते ६ टक्केच ऊर्जा शेवाळात साठते. त्यामुळे एलईडीखाली शेवाळ वाढवून बायोडिझेल काढायचं ही आयडिया आत्ताच बाजूला ठेवा, वीज कितीही स्वस्त असली तरी, कारण तीच वीज बॅटरीत भरली तर कितीतरी जास्त परत मिळते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ शेवाळातून इंधन काढायचा कार्यक्रम चालवला, एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये पुन्हा मोठ्या गाजावाजाने सुरुवात केली आणि २०२३ पर्यंत तेही गुंडाळलं. हे सगळं मुख्यतः सूर्यप्रकाशावर, म्हणजे प्रकाश फुकट असताना!

स्टेप २: लाइट सोडून बाकीचे युनिट

इथे एक गोष्ट नेहमी विसरली जाते ती म्हणजे उष्णता. ९३ मधले ६ युनिट शेवाळात गेले, बाकी सगळे उष्णता होऊन त्याच खोलीत राहिले. ते बाहेर काढायला एसी किंवा चिलर लावला तर साधारण तीन युनिट उष्णतेला एक युनिट वीज, म्हणजे किलोमागे अजून २५-३० युनिट. इथेच खेळ बदलू शकतो. जवळ थंड पाणी असेल, किंवा लाइटच पाण्याने गार होणारे असतील, किंवा हवामान थंड असेल तर हा खर्च जवळपास शून्यावर येतो. शिवाय शेवाळाच्या जातींपैकी स्पिरुलिनाला ३५ अंशांच्या आसपास तापमान आवडतं, क्लोरेलाला २५ ते ३०, त्यामुळे गरम जागेत स्पिरुलिनाला कमी कूलिंग लागतं, हा फायदा लक्षात ठेवा.

ढवळणं आणि हवा सोडणं: सपाट पॅनलमध्ये खालून बुडबुडे सोडले तर एका घनमीटरला ५० वॉटच्या आसपास धरा, दिवसाला १.२ युनिट. त्या घनमीटरमधून दिवसाला एक किलो निघाला तर ठीक, पण २०० ग्रॅमच निघाला तर तेच किलोमागे ६ युनिट झाले. लांबलचक नळ्यांच्या सिस्टिममध्ये पंप याच्या कितीतरी पट खातो.

काढणी आणि वाळवणं लोकांना वाटतं तेवढं भयंकर नाही, निदान एलईडीच्या हिशोबात तरी नाही. लिटरमागे एक ग्रॅम शेवाळ असेल तर किलोसाठी हजार लिटर पाणी गाळायचं. स्पिरुलिनाचे धागे लांब असल्याने बारीक कापडातून गाळता येतात, क्लोरेला आणि नॅनोक्लोरॉप्सिस ही जात एवढी बारीक की सेंट्रीफ्यूजशिवाय (जोरात गरगर फिरवून शेवाळ वेगळं करणारं मशीन) भागत नाही, आणि सेंट्रीफ्यूज घनमीटरमागे एक ते काही युनिट खातो. नंतर २० टक्के घट्ट पेस्ट वाळवायची तर किलोमागे ४ लिटर पाणी उडवायचं, त्याला थिअरीत अडीच युनिट, प्रत्यक्षात थोडे जास्त. लाइटची गरम हवा किंवा गरम पाणी वाळवणीला वळवता आलं तर तेही वाचतात.

सगळं मिळून किलोमागे १०० ते १५० युनिट धरून चला. कुणी ३० युनिटमध्ये करतो म्हणाला तर नम्रपणे विचारा की ओलं वजन सांगताय की सुकं.

स्टेप ३: उलटा हिशोब, म्हणजे विकायचं काय

सूत्र साधं आहे. किलोला मिळणारा भाव घ्या, त्यातून वीज सोडून बाकीचा सगळा खर्च वजा करा (माणसं, खतं, मशिनरीचा घसारा, टेस्टिंग, पॅकिंग), जे उरलं त्याला किलोमागच्या युनिटने भागा. उत्तर येईल तो तुम्हाला परवडणारा विजेचा कमाल दर. तो ऋण आला तर वीज फुकट मिळूनही धंदा तोट्यात, आणि जनावरांचं खाद्य किंवा साधी प्रोटीन पावडर यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा ऋणच येतो.

मग बसतं काय? एक म्हणजे रंगद्रव्यं. हिमॅटोकॉकस या शेवाळातून अॅस्टाझँथिन हा लाल रंग काढतात, ते सुक्या वजनाच्या ४-५ टक्क्यांपर्यंत जातं. ४ टक्के धरले तर एक किलो अॅस्टाझँथिनला २५ किलो शेवाळ, किलोमागे १५० युनिट धरले तर ३७५० युनिट, म्हणजे एका ग्रॅमला पावणेचार युनिट. ग्रॅमवर विकल्या जाणाऱ्या मालाला हे झेपतं. फक्त हे लक्षात घ्या की त्याची दोन टप्प्यांची शेती आहे, आधी हिरवं वाढवायचं, मग खतं तोडून आणि प्रकाश वाढवून त्याला ताण द्यायचा की ते लाल होतं, या लाल टप्प्यात प्रकाश भरपूर जातो आणि वजन फारसं वाढत नाही, त्यामुळे १५० चा आकडा तुमच्याकडे जास्तही येऊ शकतो. स्पिरुलिनातला निळा रंग, फायकोसायनिन, हाही याच गटातला.

दुसरं म्हणजे मत्स्यबीज केंद्रं. कालवांची पिल्लं, कोळंबीच्या अळ्या, रोटिफर (शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी) यांना आयसोक्रायसिस, कीटोसेरॉस, टेट्रासेल्मिस, नॅनोक्लोरॉप्सिस असं जिवंत शेवाळच लागतं, ठरलेल्या दिवशी, स्वच्छ, ठरलेल्या घनतेचं. तिथे कृत्रिम प्रकाश वर्षानुवर्षं वापरतातच, कारण शेवाळ वेळेवर नाही आलं तर अख्खी बॅच मरते, त्यापुढे विजेचं बिल किरकोळ. माल ओलाच विकायचा, वाळवणी नाही. नवीन माणसाला मला हाच रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो, अॅस्टाझँथिनमध्ये एक्स्ट्रॅक्शन आणि परवानग्यांचं शेपूट फार लांब आहे.

आइसलँडचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे अल्गालिफ कंपनी एलईडीखाली हिमॅटोकॉकस वाढवते आणि वाक्सा कंपनी हेत्लिशेइदी भू-औष्णिक केंद्राला लागून शेवाळ वाढवते. पण वाक्साला त्या केंद्राकडून नुसती वीज मिळत नाही, गरम पाणी, थंड पाणी आणि कार्बन डायऑक्साइडही मिळतो, म्हणजे स्टेप २ मधला कूलिंगचा खर्च आणि पुढे येणारा गॅसचा खर्च दोन्ही एका पाइपलाइनीत मिटले. नुसती स्वस्त वीज बघून त्यांची कॉपी करायला गेलात तर अर्धंच गणित कॉपी होईल.

स्टेप ४: जागा आणि लाइट किती

समजा रोज एक किलो सुकं शेवाळ हवंय. पॅनलवर चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल प्रकाश, २४ तास चालू. दिवसाला १७.३ मोल होतात, मोलमागे ०.८ ग्रॅम धरला तर चौरस मीटरला जवळपास १४ ग्रॅम. म्हणजे एका किलोला ७२ चौरस मीटर प्रकाशित पृष्ठभाग आणि ४.८ किलोवॉटचे लाइट, दिवसाला ११५ युनिट. किलोला एवढी भिंत लागते हे बघून बरेच जण इथेच थबकतात.

मग प्रकाश दुप्पट-चौपट करून जागा वाचवू असं वाटतं. करू नका. बहुतेक शेवाळ १०० ते ३०० मायक्रोमोलच्या दरम्यान भरून पावतं, त्यावरचे फोटॉन उष्णता होऊन जातात, जागा वाचते पण युनिट वाढतात. पॅनलच्या मागे फोटॉन मीटर धरून बघा. पुढून २०० पडतोय आणि मागे ५ च्या आसपास येतोय तर बरोबर, मागे ५० येत असेल तर प्रकाश आरपार वाया जातोय, कल्चर (टाकीतलं शेवाळाचं पाणी) अजून दाट होऊ द्या. आणि पुढून २०० असून मागे पूर्ण शून्य, हिरवा रंग काळपट, तर आतलं शेवाळ अंधारात बसून खाल्लेलं जाळतंय, थोडं काढून पातळ करा. पॅनलची जाडी २ ते ५ सेंटीमीटर पुरे. काचेवर आतून जो बुळबुळीत हिरवा थर बसतो तो दर काढणीला पुसा, तोच आधी प्रकाश खातो.

स्टेप ५: स्वस्त तासांचा मोह

दुपारी चार तास वीज जवळपास फुकट, मग फक्त तेव्हाच लाइट लावू. ऐकायला छान, पण भांडवलाचं काय? एक किलोवॉटचा लाइट ५०,००० तास टिकतो धरलं तर सतत चालवून तो साधारण पावणेसहा वर्षांत ५०,००० युनिट वापरतो आणि ९३ च्या हिशोबाने ५४० किलो माल देतो. तोच दिवसाला चार तास चालवला तर दहा वर्षांतही १४,६०० तासच होतात, माल १५७ किलो, आणि दहा वर्षांत पंख्यांची, ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणारा भाग), सीलची वाट लागलेली असते ते वेगळंच. म्हणजे किलोमागे लाइटचा खर्च साडेतीन पट झाला. टाक्या, ब्लोअर, माणसं यांचं उत्पादन तर सहा पटीने घटलं, पगार मात्र तेवढाच. शिवाय २० तास अंधारात शेवाळ श्वसन करून कमावलेल्यातलं काही जाळतं. वीज जितकी स्वस्त होत जाते तितका भांडवलाचा वाटा मोठा होत जातो, आणि भांडवल वसूल करायला जास्त तास चालवावं लागतं, त्यामुळे स्वस्त तास शोधणं आणि जास्त तास चालवणं यांची कायम ओढाताण.

मधला रस्ता असा की २० ते २२ तास चालवा आणि जे दोन-चार तास सगळ्यात महाग तेवढेच बंद ठेवा. शेवाळ दोन-चार तासांच्या अंधारावर रुसत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. फक्त लाइट बंद करा, हवा बंद करू नका, ढवळणं थांबलं की ते तळाशी बसतं आणि ऑक्सिजन संपून सडायला लागतं. वीज कंपनीच्या सांगण्यावरून लोड कमी करण्याचे पैसे मिळत असतील तर तेही या वागण्यात बसतं. आणि बिल नीट वाचा, युनिटचा दर कमी पण डिमांड चार्ज (एका वेळी किती किलोवॉट खेचता त्यावरचा आकार) जबरदस्त अशी कनेक्शनं असतात, त्यात चार तासवाली आयडिया दुप्पट मार खाते.

स्टेप ६: स्वतःचे सोलर पॅनल लावून एलईडी?

एक ज्यूल उन्हात शेवाळाला वापरता येणारे साधारण २ मायक्रोमोल फोटॉन असतात. तेच ऊन २० टक्क्यांच्या सोलर पॅनलवर पाडून त्या विजेवर एलईडी लावला तर ०.६ मायक्रोमोल उरतात. दोन-तृतीयांशाहून जास्त फोटॉन वाटेतच गेले. अर्थात भर दुपारचं ऊन २००० मायक्रोमोलचं असतं आणि उघड्या तलावातलं शेवाळ त्यातलं बरंचसं वापरूच शकत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा वाटतो तेवढा नसतो. तरी ऊन चांगलं मिळत असेल तर दिवसा ऊन आणि रात्री थोडे एलईडी ही जोडी नुसत्या एलईडीपेक्षा जवळपास नेहमीच स्वस्त पडते.

स्टेप ७: गॅस आणि खतं

एका किलोला १.८ किलो कार्बन डायऑक्साइड, ७० ते १०० ग्रॅम नायट्रोजन, १० ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस. बुडबुड्यांतून निम्मा गॅस उडून जातो असं धरूनच खरेदी करा. स्पिरुलिनासाठी वापरतात त्या झारूक माध्यमात (खतं घातलेलं पाणी) लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणून पहिलं भरणं महाग पडतं, पण गाळलेलं पाणी परत वापरता येतं आणि ९ ते १०.५ पीएचमध्ये बाकीचे घुसखोर फारसे टिकत नाहीत. क्लोरेलाला हे कवच नाही, रोटिफर शिरले की दोन-तीन दिवसांत हिरवं पाणी मातकट होतं.

स्टेप ८: स्पर्धक बघून घ्या

शेवाळ अंधारातही वाढतं, साखर घालून. क्लोरेलाच्या काही जाती स्टीलच्या फर्मेंटरमध्ये ग्लुकोजवर वाढवतात, साधारण दोन किलो ग्लुकोजला एक किलो माल. शेवाळापासून मिळणारं डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चा एक प्रकार, बहुतांश असंच बनतं. दोन किलो ग्लुकोजचा भाव आणि तुमच्या १०० ते १५० युनिटचा भाव शेजारी लिहा, तुमच्या मालात अंधारात न बनणारं काही नसेल तर विषय तिथेच संपतो. विजेपासून प्रोटीन हवं असेल तर फिनलंडची सोलर फूड्स हायड्रोजन खाणाऱ्या जीवाणूंपासून बनवते, तिथे प्रकाशाचा टप्पाच नाही, त्यामुळे किलोमागे वीज बरीच कमी लागते. प्रोटीनमध्ये एलईडीवाल्याने त्यांच्याशी भिडू नये.

स्टेप ९: दहा लिटरची ट्रायल

आता कागद बाजूला ठेवून तुमचा स्वतःचा आकडा काढा. तीन सेंटीमीटर जाडीचा दहा लिटरचा पॅनल, प्रकाशित भाग ०.३३ चौरस मीटर, २२ वॉटचा लाइट, प्लगला वॉटमीटर. लिटरला दीड ग्रॅम घनता झाली की रोज ३ लिटर काढा आणि तेवढंच ताजं माध्यम घाला. काढलेल्यातलं मोजून थोडं फिल्टर पेपरवर गाळा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, वजन घ्या. स्पिरुलिना असेल तर गाळल्यावर आधी पाण्याने नीट धुवा, नाहीतर सोड्याचं मीठही वजनात येतं आणि कागदावर उगाच भरघोस पीक दिसतं. पहिला आठवडा सोडून द्या, त्यानंतरचे सलग तीन-चार आठवडे रोज ग्रॅम आणि युनिट लिहा.

दिवसाला ४.५ ग्रॅम आणि ०.५५ युनिट आले तर किलोला १२२ युनिट. हा आकडा स्टेप ३ च्या सूत्रात घाला. १८० च्या वर जात असेल तर नवीन लाइट घेण्याआधी प्रकाश १५० वर आणून बघा, घनता बदलून बघा, गॅस पुरतोय का पीएचवरून तपासा, यातच बहुतेक वेळा २०-३० टक्के सापडतात. मोठ्या सिस्टिमला आकडा ट्रायलपेक्षा वाईटच येतो, म्हणून गिऱ्हाइकाशी भाव बोलताना ट्रायलच्या आकड्यावर निदान एक-तृतीयांश वाढवून बोला, आणि वर्षभराचा खरेदीचा करार हातात आल्याशिवाय ७२ चौरस मीटरची ऑर्डर देऊ नका.